बूस्टर : माझी सोय, शेजाऱ्याची गैरसोय

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं त्या दिवशी घरोघरी एकदमच मोटारी सुरू होतात. मग पंखा रेंगाळतो आणि आमची एक हॉर्सपॉवरची मोटार नुसती घूं घूं करते; पाणी काही गच्चीवर चढत नाही. मागच्या उन्हाळ्यात मोजून पाहिलं, १८० व्होल्ट! दुकानदार म्हणाला, "सर, बूस्टर बसवा, विषय संपला." बसवला. मोटार गरगर फिरू लागली. पंधरा दिवसांनी शेजारच्या काकूंची मोटार जळाली.

माझ्याच बूस्टरमुळे जळाली, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण माझा काहीच संबंध नाही, असंही म्हणवत नाही.

मी मराठीचा मास्तर, पण हिशेब साधा आहे. बूस्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो वीज तयार करत नाही. १८० चे २३० व्होल्ट करून मोटारीला ५ अँपिअर द्यायचे, तर तो तारेतून सुमारे साडेसहा ओढतो. मोटार सुरू होतानाचा झटका तर बूस्टरमुळे दीडपटीहून मोठा होतो. तारेवर ओढ वाढली की पुढच्या घरांचं व्होल्टेज आणखी घसरतं. १८० व्होल्टवर मोटारीचा सुरुवातीचा जोर जेमतेम ६० टक्के उरतो. ती अडते, तापते, वाइंडिंग जळतं. आणि रात्री व्होल्टेज परत २३० झालं आणि बूस्टरचा खटका तसाच राहिला, तर आपल्याच मोटारीला २९० च्या वर बसतात!

"मग काय मोटार जळू द्यायची?" असं कुणी विचारेल. मुळीच नाही. पण दुखणं तारेत आणि डीपीत आहे, औषध तिथेच हवं. शेतीपंपांसाठी २०१८ मध्ये राज्यात एक-दोन शेतकऱ्यांना एक ट्रान्सफॉर्मर देण्याची योजना आली, ती याच कारणाने. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही ६ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, असं होतं. म्हणजे २३० चे किमान २१६. हे मागायला अर्ज लागतो, बूस्टर नव्हे.

पण आपली खोडच अशी की सार्वजनिक दुखण्यावर प्रत्येकाने खासगी पट्टी बांधायची. पाणी नाही, टँकर मागवा. वीज नाही, इन्व्हर्टर घ्या. ज्याला परवडत नाही, त्याने सोसावं.

असो. बूस्टर माळ्यावर टाकलाय. आठवडाभराचं व्होल्टेज वेळेसह वहीत लिहिलंय. अर्जावर पहिली सही माझी, दुसरी काकूंची. बाकीची गल्ली अजून दुकानात उभी आहे.