टाहोला निघताय? आधी कयाक वाळवा!

उन्हाळा आला की बे एरियातल्या आपल्या मराठी घरांत टाहोचे बेत शिजू लागतात. टपावर कयाक, डिकीत पॅडलबोर्ड, मुलांच्या बादल्या-फावडी. मंडळी, यंदा या सामानाकडे जरा संशयानेच बघू या.

ऑक्टोबर २०२४मध्ये स्टॉक्टनच्या बंदरात गोल्डन मसल सापडला. चीनकडचा हा जेमतेम इंचभराचा शिंपला उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच दिसला. बहुधा जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून तो आला आणि आता तिथल्या नद्यांच्या डेल्टातून कालव्यांवाटे दक्षिणेकडे सरकतोय. डेल्टाचं पाणी अडीच कोटींहून जास्त लोकांना पुरतं. सनीव्हेल, सॅन होजेचे आपणही त्यांतलेच.

चिवट धाग्यांनी तो दगडाला, बोटीला, पाइपाला चिकटतो आणि थरावर थर चढवत पाइप तुंबवतो. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. मग माशांच्या पिलांनी खायचं काय? मोठ्या तलावात एकदा बसला की त्याला समूळ काढायचा उपाय अजून नाही. टाहोच्या पाण्यात कॅल्शियम कमी, त्यामुळे त्याच्या क्वागा नावाच्या भाऊबंदाला तिथं जम बसवणं अवघड. याचं मात्र थोड्या कॅल्शियमवरही भागतं. खरी धास्ती तीच.

पण हातपाय गाळायचं कारण नाही. २००७ साली लेक मीडमध्ये क्वागा सापडला आणि २००८पासून टाहोवर बोटींची तपासणी सुरू झाली. शिंपले चिकटलेल्या बोटी तिथं पकडल्याही गेल्या. रांगेत वैताग येतो, कबूल. पण तपासणाऱ्या मुलामुलींवर खेकसू नका. ते आपलंच काम करताहेत.

आपल्या सामानाचं मात्र आपणच बघायचं. घडी घालून पिशवीत कोंबलेल्या कयाकच्या शिवणीत पाणी राहतं आणि या शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. तेव्हा काठावरच चिखल-शेवाळ काढा, पाणी निथळू द्या, घरी आल्यावर कडक उन्हात वाळवा. वाळवण आपल्याला कुणी शिकवायला नको! लाइफ जॅकेट, बादल्या, बूटसुद्धा. शनिवारी डेल्टात भिजलेली कयाक रविवारी तशीच टाहोत नको. मुलांनी वेचलेले शिंपले तिथंच राहू द्या. फिश टँकचं पाणी ओढ्यात ओतू नका.

दगडाला किंवा धक्क्याला चिकटलेला अनोळखी शिंपला दिसला, तर फोटो काढून राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ विभागाला जागेसकट कळवा. आणि मंडळाच्या कॅम्पिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पोहे कोण आणणार हे ठरलं की लगेच विचारा: सगळ्यांच्या कयाक वाळल्या का?