आईकडचं कुठे लिहायचं?

(साप्ताहिक सदर : कॅम्पातून)

डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे कायदामंत्री रविशंकर प्रसाद यांनी लोकसभेत एक आकडा सांगितला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अँग्लो-इंडियन माणसं २९६. केरळात १२४, तमिळनाडूत ६९ आणि आपल्या अख्ख्या महाराष्ट्रात १६. देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. सोळा जण तर आमच्या बार्न्स स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका टेबलावर भरतील. एर्नाकुलमचे खासदार हिबी ईडन यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली, की असे लोक एकट्या माझ्या मतदारसंघात हजारोंनी आहेत. उपयोग झाला नाही. १०४ वी घटनादुरुस्ती झाली आणि २५ जानेवारी २०२० पासून लोकसभेतल्या या समाजाच्या दोन नामनियुक्त जागा संपल्या. महाराष्ट्राच्या विधानसभेतला २८९ वा सदस्यही गेला.

त्या जागा गेल्याचं मला फारसं दुःख नाही. नेमणुकीने आलेला माणूस शेवटी नेमणाऱ्याचाच असतो. पण मोजणीचं काय? १९५१ साली हा समाज मोजला तेव्हा तो लाखाच्या वर होता. २०११ च्या अर्जात वंशाचा प्रश्नच नव्हता. जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर २९६ आलं आणि ते सभागृहात पुरावा म्हणून ठेवलं गेलं.

बार्न्सचं मूळ मुंबईत आहे. आर्चडिकन जॉर्ज बार्न्स यांनी १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढली, ती गोऱ्या शिपायांच्या पोरक्या, गरीब मुलांसाठी. त्यातल्या कितीतरी मुलांच्या आया इथल्याच होत्या. पुढे भायखळ्याची शाळा अपुरी पडू लागली आणि १९२५ मध्ये ती देवळालीच्या माळावर आली. इगतपुरी, मनमाड, भुसावळच्या रेल्वे वसाहतींतली मुलं वसतिगृहात राहू लागली. बाप इंजिनड्रायव्हर, गार्ड, तारमास्तर. घरी इंग्रजी, स्वयंपाकघरात मोलकरणीशी मराठी-हिंदीची खिचडी, नाताळात केक आणि एरवी भात नि बॉलकरी. स्वातंत्र्यानंतर रेल्वे, कस्टम्स आणि पोस्ट-तारेतल्या त्यांच्या राखीव जागा दर दोन वर्षांनी १० टक्क्यांनी कमी होत १९६० ला संपल्या. बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेले. जे राहिले त्यांनी इथेच लग्नं केली, आणि खरा घोळ तिथे आहे.

घटनेच्या ३६६ व्या कलमात अँग्लो-इंडियन कोण हे लिहिलंय : ज्याचा बाप किंवा बापाकडच्या पुरुषांच्या ओळीतला कुणी पूर्वज युरोपीय वंशाचा आहे, असा इथला रहिवासी. सात पिढ्यांपूर्वीचा एक पोर्तुगीज खलाशी पुरेसा आहे, मध्ये साती जणी मल्याळी असल्या तरी चालतं. पण बार्न्समध्ये शिकलेली मुलगी नाशिकरोडच्या पाटलांकडे दिली, की तिची मुलं यातून बाद. आजोबांचं पियानोचं वेड त्यांच्यात उतरलं, आईने रोज रात्री इंग्रजीत प्रार्थना म्हणून घेतली, तरी कायद्याच्या लेखी ती मुलं नुसती पाटील.

आता दुसरं टोक बघा. फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले आणि बाजारपेठ उभी राहिली. माझ्या ओळखीचं एक कापडवाल्यांचं घर आहे. नवरा सिंधी, वहिनी भगूरच्या. २०११ ला प्रगणक म्हणून जिल्हा परिषदेचे गुरुजी आले तेव्हा मी ओट्यावर चहा घेत होतो. मातृभाषेच्या रकान्याशी ते थांबले. शेठ म्हणाले, "सिंधी लिहा, आणखी काय!" वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, पोरांशी दिवसभर बोलते कोण?" नियम वहिनींच्या बाजूने होता. जनगणनेच्या सूचनांप्रमाणे आई लहानपणी मुलाशी ज्या भाषेत बोलली, ती त्याची मातृभाषा. गुरुजींना तो माहीत होता, पण चहाही शेठचाच होता. शेवटी मुलीची मराठी आणि मुलाची सिंधी असं लिहून ते उठले.

म्हणजे याच देशात वंश विचारला तर बापाकडे बोट दाखवायचं आणि भाषा विचारली तर आईकडे. दोन्ही एकदम सांगायची सोय कुठेच नाही. जातीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका प्रकरणात थोडी वाट मोकळी केली. मूल बापाच्या जातीचं हे गृहीत अंतिम नाही, आईच्या समाजात वाढल्याचं आणि तिथले चटके सोसल्याचं ते सिद्ध करू शकतं, असा तो निकाल. महाराष्ट्र सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायला लावलं. कागदावर आई नावापुरती आली, पण तिच्याकडून काय आलं याचा रकाना अजून नाही.

हा रकाना असला की काय होतं, ते अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांकडे बघून कळतं. स्पॅनिश, मूळनिवासी, आफ्रिकी असं सगळं रक्त एकेका घरात. त्यांच्या जनगणनेत २००० सालापासून एकाहून जास्त वंशांवर खूण करता येते. २०१० मध्ये सुमारे ३० लाख लॅटिनोंनी तशी खूण केली आणि २०२० मध्ये ती संख्या दोन कोटींच्या वर गेली. दहा वर्षांत एवढी माणसं मिश्र झाली नाहीत. अर्जात मूळ लिहायला मोकळी ओळ दिली आणि उत्तरं नोंदवायची पद्धत सुधारली, हे मोठं कारण तिथल्या जनगणना खात्याने स्वतःच सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने लॅटिनो असणं आणि वंश हे दोन वेगळे प्रश्न एकत्र केले, हव्या तितक्या खुणा करा म्हणाले. त्यावर काळ्या लॅटिनोंनी कुरकुर केली, की या गर्दीत आमचं काळेपण झाकलं जाईल. त्यांची भीती खोटी नाही. मोजणीत कुणीतरी दबतंच, म्हणून तर अर्ज कसा छापला जातो याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी आहे आणि त्या वेळी प्रत्येकाची जात नोंदवली जाणार आहे. आंतरजातीय, आंतरधर्मीय, आंतरप्रांतीय लग्नांतली लाखो मुलं एकाच उत्तरात कोंबली जातील. माझी मागणी साधी आहे. जातीला आणि मातृभाषेला दुसरी, ऐच्छिक ओळ द्या. आरक्षण कुणाला मिळावं हा वेगळा वाद आहे, तो न्यायालयात होत राहील. आकडेवारीत तरी माणूस जसा आहे तसा दिसू दे. मोबाइलवर अर्ज भरून घेणाऱ्या सरकारला एक जादा ओळ जड नाही.

ती ओळ नाही आली तरी प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या बाईला बाहेर बोलवा आणि मुलांच्या भाषेचं उत्तर तिला देऊ द्या. नियम तिच्याच बाजूने आहे.