जमवले कोणी?

यंदाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात एका तरुण मित्राने मला विचारले, "नोकरी, दोन लहान मुलं आणि वर एमबीए, तुम्ही जमवलंत कसं?" मी नेहमीची टेप सुरू केली. वेळेचे नियोजन, पहाटे पाचला उठणे, ट्रेनमध्ये वाचन वगैरे. माझी पत्नी शेजारीच उभी होती. तिने माझ्या हातातली श्रीखंडाची रिकामी वाटी घेतली आणि ठेवायला गेली. घरी परतताना गाडीत म्हणाली, "पुढच्या वेळी कोणी विचारलं तर खरं उत्तर दे."

तर खरे उत्तर असे.

मी न्यू जर्सीत औषध-संशोधनात आहे, पीएचडी रसायनशास्त्रातली. कोणता रेणू पुढे न्यायचा आणि कोणता कपाटात ठेवायचा याचा निर्णय शेवटी ज्या बैठकीत होतो, तिथली भाषा मला येत नव्हती. म्हणून २०१५ साली संध्याकाळच्या एमबीएला नाव घातले. आठवड्यातून दोन दिवस साडेसहा ते साडेनऊ वर्ग, एक संध्याकाळ गटाच्या कामाला आणि शनिवारचा बराचसा दिवस अभ्यासाला. असे तीन वर्षे. तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा दीड.

मुलाचे डे-केअर सहाला बंद व्हायचे, त्यानंतर मिनिटावर दंड. त्यामुळे वर्गाच्या दिवशी पत्नी पाचला ऑफिस सोडायची. ती बायोस्टॅटिस्टिशियन आहे, तिच्या कंपनीचा निम्मा गट कॅलिफोर्नियात. त्यांची दुपार म्हणजे आमची संध्याकाळ, तेव्हा महत्त्वाच्या बैठका नेमक्या तिच्या हातून निसटत. दुसऱ्या वर्षी तिला टीम-लीडची जागा देऊ केली होती. तिने नको म्हटले. मी पुढे बरीच वर्षे लोकांना सांगत असे, "तो तिचा निर्णय होता."

आणि आई. ती दोनदा आली, दोन्ही वेळा पूर्ण सहा महिने, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर साधारण जेवढे राहू देतात तेवढे. नाशिकमध्ये तिची भिशी आहे, भजनी मंडळ आहे, रोजची भाजीवाली आहे. ते सगळे सोडून, बाबांना डबा लावून देऊन ती आमच्या उपनगरात आली. इथे धड पदपथ नाही आणि तिला गाडी चालवता येत नाही. मी "आईला नातवंडांचा सहवास मिळतोय" असे म्हणायचो. ते खोटे नव्हते, तिला तो सहवास हवाच होता. पण तिचे येणे आणि जाणे माझ्या सेमिस्टरच्या तारखांवरून ठरले होते, तिच्या गुडघ्यांच्या तारखांवरून नाही. विमानाची तिकिटे काढल्यावर मी तिला फोन केला होता. आधी नाही.

वित्तव्यवस्थापनाच्या वर्गात एक गृहपाठ होता: हे एमबीए करणे परवडते का, ते आकड्यांत मांडा. फी, पुस्तके, बुडालेला वेळ, वाढणारा पगार, डिस्काउंट रेट. कंपनी फी देत असेल तर त्या काळी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त होती, तेही धरा. या सवलतीत फी आणि पुस्तके बसतात, मूल सांभाळण्याचा खर्च बसत नाही. आमच्या पाच जणांच्या गटात एकच आई होती. तिने तक्त्यात बेबीसिटरची ओळ घातली. उरलेल्या चौघांपैकी तिघे बाप होते. आम्हा सगळ्यांना ती ओळ 'वैयक्तिक' वाटली आणि बहुमताने ती काढली. आमच्या गृहपाठाला उत्तम मार्क मिळाले.

बर्ट्रांड, गोल्डिन आणि कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो विद्यापीठातून १९९० ते २००६ या काळात एमबीए झालेल्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. सुरुवातीला स्त्री-पुरुषांचे पगार जवळजवळ सारखे असतात, पुढे अंतर वाढत जाते. त्याची मुख्य कारणे म्हणजे नोकरीतला खंड आणि कमी केलेले तास, आणि दोन्हींचा संबंध मुलांशी. ज्यांचे नवरे जास्त कमावतात त्या आयांनी काम अधिक कमी केलेले दिसते. थोडक्यात, मी माझी मिळकत वाढवायला निघालो होतो, आणि ती वाढली की घरात कोणी मागे सरायचे हेही त्याच वेळी ठरत होते. पत्नीचा 'निर्णय' मला आता असा वाचता येतो.

आपल्यातल्या अनेक घरांत परिस्थिती याहून कठीण आहे. एच-४ व्हिसावर शिकायला पूर्वीपासून मुभा आहे. नोकरीची मुभा २०१५ पासून आणि तीही काहींनाच. म्हणजे कायद्याने ती बाई वर्गात बसू शकते. पण ती 'घरीच असते', म्हणून तिच्या तासांची मोजणीच होत नाही आणि नवऱ्याच्या एमबीएला मात्र ते तास आपोआप मिळतात. समतेवर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्यासारख्या घरांतही हे चालते, हे मी माझ्यावरून सांगतो आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की 'समतोल' हा शब्दच काही वर्षे बाजूला ठेवावा. प्रवेश घेण्याआधी फीच्या शेजारी तास लिहावेत: कोणाचे, किती, किती वर्षे. सांभाळणाऱ्या बाईचे पैसे फीचाच भाग धरावेत. आईवडिलांना विचारावे, आणि ते नाही म्हणू शकतील अशा रीतीने विचारावे. आणि परतफेडीची पाळी कधी, हे आधीच बोलून घ्यावे. आम्ही ते बोललो नव्हतो.

एप्रिलमध्ये पत्नीला एका संध्याकाळच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "अगं, पण मोठी यंदा अकरावीत, कॉलेजच्या अर्जांची गडबड..." ती म्हणाली, "तेव्हा धाकटा दीड वर्षाचा होता."

सप्टेंबरपासून तिचे वर्ग सुरू झाले आहेत. मंगळवारी आणि गुरुवारी मी पाचला निघतो, मुलाला सॉकरवरून आणतो, स्वयंपाक करतो. (आमटी जमते, पोळ्या विकतच्या.) माझ्या शिक्षणाच्या तीन वर्षांत ऑफिसच्या कॅलेंडरवर मी त्या दोन संध्याकाळी ठळक अक्षरांत 'क्लास' असे लिहीत असे, आणि साहेब त्याचे कौतुक करीत. या वेळी त्याच जागी मी 'खासगी काम' असे लिहिले होते. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या लक्षात आले. आता तिथे 'मुलाला आणणे' असे आहे.