गोंगाट कशाला म्हणावे?

गेल्या स्नेहसंमेलनाच्या निवड चाचणीत मी गिटार घेऊन उभा राहिलो, तेव्हा समितीने विचारले, "कोणते गाणे?" मी म्हणालो, "गाणे नाही सर, नुसते वादन आहे. हेवी मेटल." दीड मिनिट ऐकून घेतल्यावर समितीतील एक सर अगदी मायेने म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, पण हा गोंगाट झाला. आपल्या मातीतले काही वाजव ना." मग मी एक जुने हिंदी चित्रपटगीत वाजवले. माझी निवड झाली आणि संमेलनात टाळ्याही मिळाल्या.

परतताना एसटीत बसल्यावर मात्र मनात एक प्रश्न घोळत राहिला. गिटार तीच, वाजवणारा मीच. मग दीड मिनिटात मी मातीबाहेरचा कसा झालो, आणि चित्रपटगीत वाजवताच पुन्हा मातीतला कसा ठरलो? त्या सरांविषयी माझ्या मनात आदरच आहे आणि तक्रार करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पण वार्षिकांक हे विद्यार्थ्याने आपले मत मांडण्याचे ठिकाण आहे असे आम्हाला सांगितले जाते, म्हणून ते मांडतो.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द. मी मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर. उरलेले दिवस आई-बाबा दुसऱ्याच्या शेतावर जातात. बाबा गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात. बारावीनंतर सोयाबीनच्या सोंगणीला जाऊन मी जी मजुरी जमवली, तिच्यातून एक जुनी गिटार घेतली. पुढच्या वर्षी आणखी पैसे साठवून अकोल्याहून वापरलेली इलेक्ट्रिक गिटार आणि एक लहानसा अँप्लिफायर आणला. गावात त्याची चर्चा झाली. पोरगा शिकायला गेला आणि हे काय घेऊन आला, असा तिचा सूर होता.

माझे पहिले गुरू म्हणजे लग्नसमारंभातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे वाशिमचे एक काका. जी, सी, डी आणि ई मायनर एवढे चार कॉर्ड हातात बसवून त्यांनी केरवा आणि दादरा यांच्या चालीवर चित्रपटगीतांची साथ शिकवली. पुढचे मी मोबाईलवर पाहून शिकलो. ब्लूज शिकताना तार बोटाने ओढून स्वर चढवावा लागतो. कॉलेजात संगीत हा माझा ऐच्छिक विषय असल्यामुळे, ही आपली मींडच की, हे चटकन ध्यानात आले. नायलॉनच्या तारांवर केवळ बोटांनी वाजवायची पाश्चात्त्य अभिजात पद्धत थोडी करून पाहिली; तिथे आधी बसायचे कसे हेच शिकावे लागते. आणि मग हेवी मेटल. एवढे करून एक गोष्ट कळली. प्रत्येक शैली हे एक वेगळे घर आहे. चपला कुठे काढायच्या आणि पाणी कुठल्या माठातले प्यायचे, हे ज्या त्या घरचे ठरलेले असते. दारातूनच डोकावून "इथे काही शिस्त नाही" म्हणणे सोपे असते.

आता हेवी मेटलवरच्या आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप गोंगाटाचा. या संगीतात उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर हलकेच टेकवून वाजवावे लागते. कड थोडी पुढे सरकली तर आवाज मरतो, मागे गेली तर मोकाट सुटतो. दोन ठोक्यांमधली शांतता कापल्यासारखी स्वच्छ हवी. एका मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांच्या लयीत हे सांभाळायचे, तर सुरुवात साठपासून करून आठवडेच्या आठवडे घोटावे लागते. पखवाजाचा विद्यार्थी ठाय लयीत बोल पक्के करून मग दुगुण-चौगुणीला जातो, त्याहून हे निराळे नाही.

हे मला घरीच कळले. एका रात्री मी घोड्याच्या टापांसारखा एक ठेका घोटत होतो. एक लांब ठोका, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड. लंडनच्या आयर्न मेडन या बँडच्या 'द ट्रूपर' या १९८३ सालच्या गाण्यामुळे तो जगभर माहीत आहे. माझा हात दर चौथ्या आवर्तनाला अडखळत होता. बाबा खाटेवर पडून ऐकत होते. ते उठून बसले आणि म्हणाले, "काहून रे, हात काहून अडकते तुया? आंधी तोंडानं म्हण, मंग वाजव. धा तिट, धा तिट." अर्धा तास आम्ही दोघे बापलेक ते बोल म्हणत राहिलो. आतून मायने विचारले, "आज भजन हाय का जी?" त्या रात्रीनंतर माझा हात अडखळला नाही. बाबांना हेवी मेटल आवडते असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी त्याला गोंगाट म्हटले नाही, कारण त्यांनी आधी त्यातला ताल ऐकला.

आणि आवाज मोठा म्हणून गोंगाट म्हणावे, तर वरातीतल्या डीजेच्या भिंतीपुढे आपण सारे छातीत धडधड होईपर्यंत नाचतोच. तिथे कोणी माती काढत नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हे संगीत आपले नाही, हे खरे आहे. पण आज खेड्यापाड्यातल्या प्रत्येक भजनाला लागणारी पेटी तरी कुठली? हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तयार झाली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले, आणि ते पुन्हा किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. दरम्यान आमच्या भजनी मंडळांनी कोणाची परवानगी विचारली नाही. गिटारचेही तेच. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीने ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार राग गाते. संतूर तरी मुळात शास्त्रीय मैफलीचे वाद्य कुठे होते?

प्रत्यक्ष स्वरांकडे पाहिले तर हा परकेपणा आणखी विरळ होतो. मेटलमध्ये गिटारचा आवाज विजेच्या साहाय्याने मुद्दाम फाडतात. अशा फाटक्या आवाजात नेहमीचा तीन स्वरांचा कॉर्ड वाजवला तर गंधारामुळे सगळा चिखल होतो. म्हणून गंधार वगळून फक्त षड्ज आणि पंचम वाजवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. म्हणजे ज्या दोन स्वरांवर आपला तंबोरा लागतो, त्याच दोन स्वरांवर हे सारे कोसळणारे संगीत उभे आहे! इंग्लंडच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. हेवी मेटलचा आरंभ बहुतेक जाणकार तिच्यापासून मानतात. तिच्यातले पहिलेच गाणे मोजून तीन स्वरांवर उभे आहे: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. या तीव्र मध्यमाच्या अंतराला युरोपात जुन्या काळी सैतानाचे नाव चिकटले होते. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम घेऊन यमन गातात आणि संध्याकाळ प्रसन्न होते. तसेच मेटलवाल्यांना अतिशय प्रिय असलेली फ्रिजियन नावाची स्वरपंक्ती म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर. भैरवीने भजनाचा शेवट करणाऱ्या माणसाला कोमल ऋषभ परका कसा वाटेल?

आपल्या लोकांनीही हे संगीत केव्हाच हाती घेतले आहे. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. मुंबईच्याच डेमॉनिक रेझरेक्शन या मेटल बँडने २०१७ साली विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड ढोल आणि बासरी घेऊन मेटल वाजवतो आणि परदेशच्या महोत्सवांत त्याला बोलावणी येतात. मग वाशिम जिल्ह्यातल्या पोराने ते वाजवले तर मातीला कमीपणा का यावा?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या संगीतात भडक आणि हिंसक शब्दांची गाणी आहेत. नुसता वेग म्हणजे कला समजणारे वादक आहेत. काळे कपडे घातले की झाले, असे मानणारे तर पुष्कळ आहेत. माझ्या कानावर पडणाऱ्या दहा गाण्यांपैकी सात मलाही आवडत नाहीत. पण हे कोणत्या संगीताविषयी म्हणता येणार नाही?

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत जड वाटतो, कारण तो बाहेरून येत नाही, माझ्या आतूनच येतो. याचा उपयोग काय? माझ्यासारख्या मुलाने पोलीस भरतीसाठी धावावे, स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचावीत. ते मी करतोच आहे. गिटारवर पोट भरेल असा भ्रम मला नाही. परंतु घरातला पहिला शिकणारा म्हणजे जणू घराचे कर्ज फेडायला निघालेला माणूस, त्याने आनंदासाठी काही शिकणे म्हणजे उधळपट्टी, ही समजूत मला मान्य नाही. आवड जोपासणे हा ज्यांच्या घरी दोन पिढ्या पगार आला त्यांचाच हक्क आहे काय?

या ठिकाणी मला ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी आठवतो. हा बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा पोरगा. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो जगातला एक श्रेष्ठ गिटारवादक झाला. ते ऐकून आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यावर चामडे चिकटवले. बोटांना झेपाव्यात म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात उतरवल्या. ज्या जड, खर्जातल्या आवाजाला आज जग हेवी मेटल म्हणते, त्याच्या मुळाशी एका कामगाराची तुटलेली बोटे आहेत. मळणीयंत्रात, कडबा कापण्याच्या यंत्रात बोटे गेलेली माणसे आपल्याही खेड्यांत आहेत. हे संगीत श्रीमंतांचे चोचले आहे असे कोणी म्हणाले की मला ती आठवतात.

२०२५ च्या आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, ५ जुलैला, ब्लॅक सॅबथचा अखेरचा कार्यक्रम झाला. ज्या अ‍ॅस्टन वस्तीत ते चौघे वाढले, तिथल्याच मैदानावर. त्या रात्री मी गावच्या मंदिरात बाबांच्या शेजारी टाळ घेऊन उभा होतो. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर काही तुकडे पाहिले. कंपवाताने जर्जर झालेला गायक ऑझी ऑस्बर्न उभा राहू शकत नव्हता. तो खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. आमच्या भजनी मंडळातले एक म्हातारबाबा असेच भिंतीला टेकून गातात. त्यांना कोणी अजून विचारलेले नाही की, बाबा, याचा उपयोग काय?

मित्रहो, माझ्या मागण्या लहान आहेत. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य संगीताचे प्रकार असतात, त्यांसाठी आपणही तयारी करू. आठवड्यातून एकदा तास संपल्यावर संगीताची खोली उघडी ठेवावी. तिथे गिटारवाल्याने यावे, तसे मृदंग आणि डफडे वाजवणाऱ्यांनीही यावे, कारण आपल्या वर्गात अशी मुले आहेत आणि तीही गप्प बसलेली आहेत.

पुढच्या निवड चाचणीत मी हेवी मेटलच वाजवणार आहे. निवड झाली नाही तर रुसणार नाही. फक्त दीड मिनिटावर न थांबवता पूर्ण चार मिनिटे ऐकून घ्यावे, आणि त्यानंतर खुशाल त्याला गोंगाट म्हणावे, एवढीच गुरुजनांना नम्र विनंती आहे.

— बी. ए. भाग २ चा एक विद्यार्थी