सलीका : जुन्या कपाटाला रंग लावण्यापूर्वी



शाबान लागला की आपल्या घरांत साफसफाई सुरू होते. माळ्यावरचं सामान खाली उतरतं, गाद्यांना ऊन दिलं जातं आणि दरवर्षी एखाद्या जुन्या लाकडी वस्तूवरून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरा म्हणतो, रंग मारून घ्या. हल्ली दुसऱ्या पक्षाचं पारडं जड आहे, कारण मोबाइलवर चॉक पेंटचे व्हिडिओ घरोघरी पाहिले जातात. घासायला नको, सुताराला बोलवायला नको. काळं पडलेलं कपाट दुपारपर्यंत पांढरंशुभ्र! चांगली वस्तू फेकून नवी घेणं हा इसराफ आहे, तेव्हा ही हौस मुळात चांगलीच. पण डबा उघडण्याआधी काही गोष्टी पाहून घ्याव्यात.

चॉक पेंट म्हणजे शाळेच्या फळ्याला लावतात तो रंग नव्हे. ऑक्सफर्डच्या ॲनी स्लोन यांनी 1990 साली जुन्या फर्निचरसाठी हा रंग तयार केला. तो पाण्यात मिसळणारा, दाट आणि अजिबात न चमकणारा असतो. जुन्या पॉलिशवर, सहसा प्रायमर न लावताही, तो धरतो. वाळल्यावर हात लावला तर खडूसारखा कोरडा लागतो, म्हणून हे नाव. आता आपल्याकडेही तो मिळतो आणि त्याच धर्तीचा रंग घरीही करता येतो.

आपल्या जुन्या पॉलिशची रीत वेगळी होती. मराठीतला ‘रोगण’ हा शब्द फारसीतल्या ‘रौग़न’वरून आला. त्याचा मूळ अर्थ तेल, तूप. रोगनजोशमधला रोगन तोच. तेल लाकडात मुरतं आणि लाकडाच्या रेषा उजळ करतं. चॉक पेंट लाकडाच्या वर बसतो आणि रेषा झाकून टाकतो. म्हणून कुठली वस्तू झाकायची आणि कुठली उजळायची, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न : ही वस्तू कोणाची?

हा प्रश्न आपण बहुतेक वेळा विचारतच नाही. अब्बांच्या किंवा अम्मींच्या इंतकालानंतर जमीन, दुकान, दागिने यांच्या वाटणीची निदान चर्चा तरी होते. पलंग, कपाट, संदूक मात्र ज्या घरात असतात त्या घराचेच होऊन जातात. शरीयतमध्ये अशी सवलत नाही. दफनविधीचा खर्च, कर्ज आणि वसीयत यांची पूर्तता झाल्यावर जे उरतं त्या सगळ्यात सर्व वारसांचा हिस्सा असतो. सूरह निसाच्या सातव्या आयतीत हा हुकूम पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी आहे आणि तो थोड्या मालालाही तितकाच लागू आहे. जमीन तेवढी मोजायची आणि कपाट सोडून द्यायचं, असं चालत नाही.

नेहमी दिसणारा प्रकार असा. अम्मींचं सागवानी कपाट थोरल्या भावाकडे राहिलेलं असतं. भाभी हौसेने ते रंगवून घेते. ईदला दोघी नणंदा येतात, कपाट पाहतात आणि गप्प होतात. त्याच कपाटाच्या आतल्या कप्प्यातून अम्मी त्यांना ईदी काढून देत असत. भाभीच्या मनात काही वाईट नसतं, नणंदांना रंगाचा रागही नसतो. आपल्याला कुणी विचारलं नाही, हे त्यांना लागलेलं असतं. एका फोनने हे टळलं असतं.

आणि हा केवळ मन राखण्याचा प्रश्न नाही. वस्तूची आजची किंमत ठरवावी, ज्याला ती हवी त्याने इतरांना त्यांचा हिस्सा द्यावा, किंवा इतरांनी राजीखुशीने आपला हक्क सोडावा. लाजेखातर गप्प राहणं म्हणजे रजामंदी नव्हे. वारसांमध्ये एखादं नाबालिग मूल असेल तर त्याचा हिस्सा दुसऱ्या कुणाला माफ करता येत नाही. एका कपाटासाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण वाटणीची सवय अशा लहान वस्तूंवरच लागते. कपाटाबद्दल बहिणीला विचारणारा भाऊ जमिनीच्या वेळीही तिला विचारील.

सुनेने माहेराहून आणलेल्या वस्तूंचंही तसंच. लग्नात तिला मिळालेला ड्रेसिंग टेबल किंवा पलंग सासरच्या खोलीत असला तरी तिचाच असतो. 1986 च्या मुस्लिम महिला कायद्यातही घटस्फोटित स्त्रीचा अशा वस्तूंवरचा हक्क मान्य केलेला आहे. पण गोष्ट तिथवर जायची वाट कशाला पाहायची? नांदत्या घरातही त्या वस्तूला रंग लावायचा की नाही, कोणता लावायचा, हे तिनेच ठरवावं.

दुसरा प्रश्न : लाकूड कोणतं?

कपाटाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्याची मागची बाजू पाहा. तिथे सहसा पॉलिश नसतं, त्यामुळे खरं लाकूड दिसतं. कडेला पापुद्र्यासारखे थर दिसले तर प्लायवूड. भुसा दाबून केल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. रेषा पुढून मागे सलग गेलेल्या असतील तर भरीव लाकूड. भरीव सागवान किंवा शिसव असेल, सांधे घट्ट असतील, तर रंगाचा विचार सोडून द्या. मऊ ओल्या फडक्याने मळ काढला तरी निम्मं काम होतं. पॉलिश उडालं असेल तर पॉलिशवाल्याकडून पुन्हा करून घ्या. खर्च रंगापेक्षा जास्त येईल, पण असं लाकूड आज विकत घ्यायला गेलात तर दोन्हींतला फरक कळेल.

कोरीव कामालाही चॉक पेंट लावू नका. सहारनपूरची नक्षी असो की दादीची जुनी रेहल, दाट रंग खाचांत बसला की नक्षी बुजते आणि नंतर तो काढताना लाकडाला इजा होते.

मग रंगवायचं काय? साधी, नक्षी नसलेली, डाग पडलेली, वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून केलेली पण मजबूत वस्तू. मुलांचं अभ्यासाचं टेबल, तिपाई, पुस्तकांची मांडणी, प्लायवूडचं कपाट. अशा वस्तूंना चॉक पेंट खरोखर नवं आयुष्य देतो. पाण्याने फुगलेला पार्टिकल बोर्ड मात्र कुठल्याच रंगाने सरळ होत नाही; त्यावर पैसे घालू नका.

तिसरा प्रश्न : प्रकृती कशी आहे?

बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखी पूड दिसली तर लाकडाला कीड आहे. मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी. आधी त्याचा बंदोबस्त करा, तोवर वस्तू इतर फर्निचरपासून लांब ठेवा. कीड रंगाखाली झाकली तरी आतून पोखरतच राहते.

वस्तूवर जुना ऑइल पेंट असेल तर जास्त सांभाळा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगांत शिसं बरंच असू शकतं. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला व पोटातल्या बाळाला घातक ठरते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. सुटलेले पोपडे पाणी मारून ओले असतानाच खरवडावेत, ते कागदात गोळा करून टाकावेत, फरशी ओल्या फडक्याने पुसावी. हे काम गरोदर स्त्रियांनी करू नये आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नये. मुलांच्या जुन्या पाळण्याबद्दल तर दुप्पट काळजी घ्या, कारण मूल कठडा चावतं.

तीनही प्रश्नांची उत्तरं मिळाली असतील तर आता बाह्या वर करा.

आधी धुणं. अर्ध्या बादली कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा टाका आणि पिळलेल्या फडक्याने वस्तू पुसा. हँडलभोवतीचा तेलकटपणा नीट काढा, कारण रंग सोलून निघायची सुरुवात तिथूनच होते. मग साध्या पाण्याने पुसून एक दिवस सावलीत वाळू द्या. हलणारे सांधे फेविकॉलने बसवा, खड्ड्यांत लांबी भरा. चकचकीत सनमायका असेल तर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा. ‘घासायला नको’ हे तिथे चालत नाही.

सागवान किंवा गडद लाकडावर फिका रंग द्यायचा असेल तर एक अडचण येते. लाकडातलं टॅनिन रंगाच्या पाण्यात विरघळून वर येतं आणि पांढऱ्यावर पिवळट-तपकिरी डाग उमटतात. कितीही हात दिले तरी ते पुन्हा डोकं काढतात. उपाय म्हणजे रंगाआधी चपडा पॉलिशचे दोन पातळ हात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात. स्पिरिटबद्दल मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा. डाग अडवणारा पाण्याचा प्रायमरही बाजारात मिळतो.

घरचा रंग करायचा असेल तर प्रमाण असं : तीन वाट्या मॅट इमल्शन, एक वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस, साधारण एक वाटी पाणी. आधी प्लास्टर पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मग ते इमल्शनमध्ये मिसळा. प्लास्टर घट्ट होत जातं, त्यामुळे दोन-तीन तासांत संपेल इतकाच रंग करा. शाळेतले खडू कुटून घालायचा मोह टाळा. ते बहुतेक जिप्समचे असतात आणि कुटताना खडे राहतात.

दोन पातळ हात पुरतात. पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा दिसेल, घाबरू नका. दोन हातांमध्ये निदान दोन तास जाऊ द्या. ड्रॉवरच्या कडा आणि तो सरकतो त्या पट्ट्या रंगवू नका, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की ड्रॉवर अडकतो. तिथे मेणबत्ती घासली की काम होतं. कोकणात आणि मुंबईत हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढूच नये. हवेतल्या ओलीमुळे रंग वाळत नाही आणि बोटांचे ठसे राहतात.

व्हिडिओंत घाईने उरकलेला भाग शेवटचा आहे. चॉक पेंट नुसता ठेवला तर पाण्याचा एक थेंबही डाग सोडतो. त्यावर कवच लागतं. एक दिवस वाळल्यावर मऊ फडक्याने मेण पातळ लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. ते पुरतं कडक व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. तोवर जड वस्तू ठेवू नका, ओलं फडकं मारू नका. ज्यावर गरम चहा, सालनाचं भांडं किंवा पाण्याचा जग ठेवायचा आहे, अशा टेबलाला मेण उपयोगाचं नाही. तिथे पाण्याच्या वार्निशचे दोन-तीन हात द्या. म्हणूनच रमजानसाठी टेबल करायचं तर शाबानच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करा, म्हणजे इफ्तारच्या पहिल्या दिवशी ते तयार असेल.

पहिल्यांदा करताना कपाटाला हात घालू नका. एखादी तिपाई घ्या, मुलांना बरोबर घ्या. एका हाताला किती रंग लागतो, मेण किती लावायचं, हे तिच्यावर कळतं. बिघडली तरी नुकसान थोडं.

आणि ती तिपाई नानीची असेल तर आधी खालांना फोन करा. कदाचित त्या म्हणतील, खुशाल रंगव. कदाचित म्हणतील, तू ठेवणार नसशील तर मला दे. दोन्हींपैकी काहीही झालं तरी ती भंगारात जाणार नाही.