भरावावरची घरे आणि विम्याचा बाजार

नवे घर घेतलेल्या माणसाला हल्ली एक उपदेश चहूबाजूंनी ऐकू येतो. घराचा विमा उतरवण्यापूर्वी चार कंपन्यांचे दर विचारा, ताडून पाहा, घासाघीस करा आणि पैसे वाचवा. उपदेश खोटा नाही. परंतु खरा उपदेशच पुष्कळदा मूळ प्रश्न झाकण्याच्या कामी येतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली या वसाहतींतील कामगार-कारकून कुटुंबांच्या बाबतीत आज नेमके तेच घडत आहे.

प्रथम या उपदेशाची गरज कोठून उत्पन्न झाली ते पाहिले पाहिजे. १ जानेवारी १९७३ रोजी देशातील १०७ सर्वसाधारण विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. आगविम्याचे दर त्या काळी दर-समितीने ठरवलेले असत. एकाच प्रकारच्या घराला या दारात एक दर आणि त्या दारात दुसरा, असा प्रकार नव्हता. १९९४ साली मल्होत्रा समितीने खाजगी भांडवलाला दार उघडण्याची शिफारस केली, १९९९ च्या कायद्याने ते उघडले आणि १ जानेवारी २००७ पासून आगविम्याचे दरही मोकळे सोडण्यात आले. विदेशी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ साली ४९ आणि २०२१ साली ७४ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी सरकारी कंपन्यांत सरकारचा हिस्सा किमान ५१ टक्के असलाच पाहिजे, ही अटही कायद्यातून काढून टाकण्यात आली. जी गोष्ट एकदा कायद्याने निश्चित होती ती बाजारात मोकळी सोडायची, आणि मग नागरिकाला ‘हुशार ग्राहक व्हा’ असे सांगायचे, असा हा व्यवहार आहे.

येथे समाजवाद्यांनी स्वतःशीही प्रामाणिक राहावयास हवे. राष्ट्रीयीकृत कंपन्यांच्या काळात दर एक होता, पण विमा चाळीपर्यंत पोहोचला होता काय? नव्हता. गिरणी, गोदाम, बोट यांचा विमा उतरत होता. श्रमिकाच्या दोन खोल्यांकडे सरकारी कंपनीचा अधिकारी क्वचितच वळला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगड जिल्ह्यात ज्या गरिबांच्या घरांवरील कौले आणि पत्रे उडून गेले, त्यांच्या हाती पंचनाम्याच्या कागदाखेरीज काय होते? मालकी सरकारची झाली म्हणजे व्यवहार लोकांचा झाला, हे गृहीत धरण्याची चूक चळवळीने पूर्वी केली आहे, आणि तिची किंमत राष्ट्रीयीकरणाचा बचाव करण्याची वेळ आली तेव्हा मोजली आहे.

आता नवी मुंबईकडे वळू. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांची भातशेते, मिठागरे आणि खाजणे घेऊन हे शहर उभे केले. त्यासाठी शेतकऱ्यांना किती झगडावे लागले, हे जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या पाच जणांच्या स्मृतीने अजून सांगितले जाते. शहराचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर आणि भरावावर आहे. भरतीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे साठून राहावे, म्हणून येथे धारण तलाव बांधावे लागले. ते गाळाने भरत आले आहेत. अशा भूमीवर, अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी म्हणून सिडकोने जी घरे बांधली, त्यांतील अनेकांचे स्लॅब काही दशकांतच कोसळू लागले. वाशीच्या सेक्टर ९ व १० मधील इमारतींची नावे धोकादायक बांधकामांच्या यादीत वर्षानुवर्षे येत राहिली. तेथील माणसाला सर्वाधिक भय कशाचे वाटते, हे त्याला विचारण्याची आवश्यकता नाही. रात्री डोक्यावर पडणाऱ्या गिलाव्याचे!

आणि विमा नेमका तेथेच हात वर करतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ या नावाची एक प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकणे बंधनकारक केले. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, दरड, जमीन खचणे इत्यादी संकटांची यादी तीत आहे. घर राहण्याजोगे उरले नाही तर पर्यायी जागेचे भाडेही आहे. पण जमीन खचण्याच्या कलमाखालचे अपवाद वाचावेत. भरावाच्या जमिनीची हालचाल वा खचणे वगळले आहे. सदोष रचना, सदोष कारागिरी, निकृष्ट साहित्य ही वगळली आहेत. केवळ झिजून, कुजून, गंजून इमारत कोसळली तर ती यादीतल्या कोणत्याच संकटात बसत नाही. २७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरजवळच्या शहाबाज गावात चार मजली इमारत कोसळून तीन माणसे मेली. इमारत जुनाट नव्हती, जेमतेम दहा वर्षांची होती. अशा मृत्यूंना आणि अशा घरांना विम्याच्या कागदावर जागा नाही. ज्याने निकृष्ट बांधले त्याची जबाबदारी कंपनी घेत नाही, हे विम्याच्या तर्काला धरून आहे. मग ती कोणाची? बांधणाऱ्याची आणि बांधू देणाऱ्याची. ‘दर ताडून पाहा’ या उपदेशात या दोघांचे नावही येत नाही.

तथापि विम्याकडे पाठ फिरवणे हेही शहाणपण नव्हे. विमा म्हणजे मध्यमवर्गाचे चोचले, असे म्हणणारे काही कार्यकर्ते आहेत. आग आणि पूर वर्ग पाहून येत नाहीत. सावरण्याची ताकद मात्र वर्गाप्रमाणे असते. म्हणून पैसे कोठे वाया जातात, हे समजून घेण्यात कमीपणा नाही. आणि ते मुख्यतः दोन कंपन्यांच्या दरांतील फरकात वाया जात नाहीत. ते त्याआधीच, गृहकर्जाच्या टेबलावर गेलेले असतात.

समजा, नेरूळमधील ४०० चौरस फूट चटईक्षेत्राच्या घराची किंमत ८० लाख रुपये आहे. यातील सिंहाचा वाटा जमिनीचा आणि जागेच्या टंचाईचा आहे. जमीन जळत नाही. प्रमाणित पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम काढावयाची ती चटईक्षेत्राला बांधकामखर्चाने गुणून. चौरस फुटाला ३,००० रुपये धरले तर १२ लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजारांचे घरसामान त्याच विम्यात आपोआप येते. तरीही कर्जाच्या किंवा बाजारभावाच्या रकमेवर विमा गळ्यात मारला, तर माणूस कधीच न मिळणाऱ्या भरपाईचा हप्ता भरत बसतो. त्याहून मोठा डाव पुढे आहे. अनेक वर्षांचा हप्ता एकरकमी घेऊन तो कर्जातच मिळवला जातो. ३० हजारांचा हप्ता ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जात घातला की त्यापोटी सुमारे ६५ हजार रुपये फेडावे लागतात. ठरावीक कंपनीचाच विमा घे, अशी सक्ती बँकेला करता येत नाही, असे नियम सांगतात. पण कर्जमंजुरीची वाट पाहत समोर बसलेल्या माणसाला नियम कोण वाचून दाखवणार? बँक हीच विमा कंपनीची दलाल असते. २०१६ पासून तिला तीन सर्वसाधारण विमा कंपन्यांची दलाली करता येऊ लागली, २०२२ साली ही संख्या नऊवर गेली. कंपन्यांची संख्या वाढली, टेबल तेच राहिले. शिवाय सरकारचा हातही आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरील वस्तू व सेवा कर उठला, घराच्या विम्याला मात्र ती सवलत मिळाली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सर्वांच्या नजरेआड राहते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार आग आणि भूकंप यांविरुद्ध इमारतीचा विमा उतरवणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे. म्हणजे एकेकट्याने बाजारात भटकण्याऐवजी सर्वांनी मिळून विमा घ्यावा, ही तरतूद सहकाराने केव्हाच करून ठेवली आहे. ती अनेक ठिकाणी कागदावर पडून आहे. कोठे विमाच नाही, कोठे फार वर्षांपूर्वीच्या रकमेचा आहे. जुन्या पद्धतीच्या आगविम्यात खऱ्या खर्चाच्या निम्म्याच रकमेचा विमा असेल तर नुकसानीची भरपाईही निम्मीच मिळते. उलट ज्या संस्थेचा विमा पुरेसा आहे, तेथील कर्जदार सभासद बँकेच्या सांगण्यावरून त्याच भिंतींचा विमा दुसऱ्यांदा काढतो. एकाच भिंतीची भरपाई दोनदा मिळत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. संस्थेच्या पॉलिसीची प्रत बँकेपुढे ठेवणे आणि ती का चालत नाही याचे लेखी उत्तर मागणे, एवढे केले तरी चार कंपन्यांची दारे झिजवून वाचणार नाही इतके वाचण्याची शक्यता आहे. साठ बिऱ्हाडांची एक संस्था दर विचारावयास गेली तर तिला मिळणारी वागणूक आणि एकट्या कारकुनाला मिळणारी वागणूक यांतील फरक संघटित कामगाराला समजावून सांगावा लागू नये.

मूळ गावठाणांतील प्रकल्पग्रस्तांना मात्र हा मार्गही उपलब्ध नाही. त्यांची गरजेपोटीची घरे नियमित करण्याच्या घोषणा अनेकदा झाल्या. कागदच संशयास्पद ठरवलेल्या घराचा विमा कोण मनापासून उतरवील, आणि उतरवला तरी भरपाईच्या वेळी कोणता आक्षेप निघेल? ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले त्यांचीच घरे या संरक्षणाच्या कडेला पडावीत, ही सिडकोच्या पन्नासांहून अधिक वर्षांच्या कारभाराची फलश्रुती आहे. या घरांची कागदपत्रे आधी सरळ करा आणि त्यांचा पूर व वादळ यांविरुद्धचा विमा सार्वजनिक खर्चाने उतरवा, अशी मागणी सिडको आणि महानगरपालिका या दोघांकडेही केली पाहिजे. धोकादायक ठरलेल्या सिडकोनिर्मित इमारतींबाबत तर विम्याची गोष्टच बोलू नये. तेथे बांधणाऱ्याकडून दुरुस्तीचा खर्च मागण्याचाच लढा आहे.

३० सप्टेंबरपूर्वी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा घ्याव्या लागतात. नवी मुंबईतील कार्यकर्ते बहुतेक अशाच संस्थांचे सभासद आहेत, काही तर सचिवही आहेत. विमा आहे काय, किती रकमेचा आहे, कोणत्या वर्षी ठरवलेल्या रकमेचा आहे आणि त्यात पूर व भूकंप आहेत काय, हे चार प्रश्न यंदाच्या विषयपत्रिकेवर यावयास हवेत. सभेची नोटीस निघण्यापूर्वीच ते लेखी द्यावेत, कारण ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत सभागृह रिकामे झालेले असते.