गाडीचा खंड ठरवताना



भात झोडून झालं, वालाला दोन-दोन पानं फुटली आहेत, ओल बरी आहे. शेताची नोंद आज एवढीच. बाकीचं गाडीबद्दल लिहितो, कारण पेणपासून रोह्यापर्यंत जो भेटतो तो हल्ली हेच विचारतो. "काका, इलेक्ट्रिक गाडी भाड्याने मिळते म्हणतात, घेऊ का?" कोणाची जमीन रस्त्यात गेली, पैसे आलेत. कोणाचा पोरगा धाटावच्या कंपनीत लागलाय. दारात गाडी हवी, पण पंधरा लाख एकदम घालायचे नाहीत. दुकानात गेलं की तिथला पोरगा गोड बोलतो, एक कागद पुढे करतो, आणि त्यावर मोठ्या अक्षरात एकच आकडा असतो. महिन्याचा.

माझं मत आधीच सांगतो. इलेक्ट्रिक गाडी चांगलीच आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण भाड्याचा करार करताना महिन्याचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी तीन गोष्टी बघायच्या: किमान किती द्यावंच लागेल, शेवटी वस्तू कोणाची, आणि मध्येच सोडायची झाली तर काय.

आपल्याला हे कळायला काही अवघड नाही. आपण रायगडातले. खंड म्हणजे काय ते आपल्या आजा-पणजाने अंगावर काढलंय. अर्धेलीने जमीन कसली तर पिकेल त्यातलं अर्धं द्यायचं. पीक बुडालं तर मालकाचंही बुडालं. मक्त्याने घेतली तर ठरलेले मण द्यायचेच, मग उधाणाचं खारं पाणी बांध फोडून आत आलं तरी. दोन्ही खंडच, पण जोखीम कोणाच्या डोक्यावर यात जमीन-अस्मानाचा फरक.

आता गाडीकडे या. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने विंडसर नावाची गाडी आणली तेव्हा ९.९९ लाखांपासून गाडी आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये अशी योजना काढली. बॅटरीसकट पूर्ण घ्यायची तर सुरुवातीची किंमत १३.५० लाख होती. हे शोरूमचे भाव, रस्त्यावर येईपर्यंत वाढतातच. आज भाव काय आहे ते दुकानात विचारा. मी हे आकडे हिशेबाची रीत दाखवायला घेतलेत. गाडी बरीवाईट आहे असं मला म्हणायचं नाही. बॅटरी भाड्याने देण्याची रीत आता स्कूटरमध्येही आली आहे.

"किलोमीटरला साडेतीन" ऐकलं की वाटतं ही अर्धेल झाली. जेवढी चालवू तेवढं देऊ, नाही चालवली तर नाही. पण अशा करारात बारीक अक्षरात किमान किलोमीटर लिहिलेले असू शकतात. समजा महिन्याला १,५०० किलोमीटर किमान आहेत. म्हणजे चालवा न चालवा, ५,२५० रुपये द्यायचेच. ही अट आली की अर्धेलीचा मक्ता झाला. नाव एक, काम दुसरं.

आपलं चालणं किती ते बघा. पेणहून रोह्याला जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर. आठवड्यातून एकदा ते धरा, बाजार, दवाखाना, तालुक्याचं काम, सोयरे धरा. शेतकऱ्याच्या घरची गाडी महिन्याला सातशे किलोमीटर चालली तरी पुष्कळ. ५,२५० ला ७०० ने भागा. किलोमीटरला साडेसात रुपये पडतात, आणि ते फक्त बॅटरीचं भाडं. घरच्या विजेचा किलोमीटरला दीडेक रुपया वर. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि गाडीचं ॲव्हरेज १६ धरलं तर किलोमीटरला साडेसहा होतात. म्हणजे पेट्रोल वाचवायला गाडी घेतली आणि पेट्रोलपेक्षा जास्त दिलं. ही गाडी वाईट म्हणून नाही, करार आपल्या मापाचा नाही म्हणून.

आता दुसरी बाजू, कारण हिशेब एकतर्फी नको. विंडसरच्या त्या भावांत पूर्ण गाडी आणि बिनबॅटरीची गाडी यात ३,५१,००० चा फरक. एवढंच कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण ७,३०० येतो आणि व्याजासकट पाच वर्षांत ४ लाख ३७ हजारांच्या आसपास जातात. किमान भाडं पाच वर्षांत ३ लाख १५ हजार होतं. म्हणजे पाच वर्षांपुरतं बघितलं तर भाडं स्वस्त. पण सहाव्या वर्षी कर्जवाला मोकळा, बॅटरी त्याची. भाडेवाला वर्षाला ६३ हजार देतच राहतो. दोन वर्षांत बरोबरी झाली, पुढे सगळं अंगावर.

आणि जो महिन्याला २,१०० किलोमीटरच्या वर चालवतो, उदाहरणार्थ रोज पनवेलला जाऊन-येऊन नोकरी करणारा, त्याचं भाडं पहिल्याच महिन्यापासून कर्जाच्या हप्त्याएवढं किंवा जास्त. म्हणजे कमी चालवणारा किमानच्या अटीत मार खातो, खूप चालवणारा दरात मार खातो. मधल्या माणसाला, म्हणजे महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर चालवून चार-पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्याला, ही योजना बरी. तुम्ही कुठे बसता ते आधी वहीत लिहा. तीन महिने आत्ताच्या गाडीचे किलोमीटर मांडा, मग दुकानाची पायरी चढा.

आता शेवटी वस्तू कोणाची, ते. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ ते १९३९ संप केला, खोतांच्या जमिनी कसायच्या बंद केल्या. उपाशी राहिले, पण हटले नाहीत. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळाला मालक होण्याचा हक्क मिळाला. कसेल त्याची जमीन. गाडीला हा कायदा नाही मंडळी. दहा वर्षं भाडं भरलं तरी बॅटरी आपोआप तुमची होईलच असं नाही. म्हणून करारातच विचारा, किती वर्षांनी, किती रकमेत बॅटरी माझ्या नावावर होईल? आकडा लिहून देत असतील तर बोलणी पुढे न्या.

गाडी विकायची वेळ आली तर काय, याचा धडा बाहेरदेशी होऊन गेलाय. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने २०१२ पासून झोई नावाची गाडी युरोपात विकली, तीही बॅटरी भाड्यानेच. पुढे लोक जुनी गाडी विकायला गेले तेव्हा घेणाऱ्याला बॅटरीचं भाडंही गळ्यात घ्यावं लागायचं. गिऱ्हाईक मागे सरायचं. नंतर कंपनीने बॅटरीसकट विकायला सुरुवात केली. आपल्याकडे जुनी गाडी भावकीत नाहीतर गावात विकली जाते. "गाडी घे, पण महिन्याला सव्वापाच हजार दुसऱ्याला देत जा" असं सांगून कोण घेणार?

आणि भाड्याने देणाराच अडचणीत आला तर? एप्रिल २०२५ मध्ये ब्ल्यूस्मार्टच्या इलेक्ट्रिक टॅक्सी दिल्लीकडे आणि बंगळुरात बंद पडल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या जेनसोल नावाच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या होत्या, आणि कर्जाच्या पैशावरून सेबीने जेनसोलवर आदेश काढला होता. गाड्या चालू हालतीत, चालवणारे तयार, तरी सगळं ठप्प. भाड्याच्या धंद्यात मालकाची तब्येतही बघावी लागते.

पूर्ण गाडीच भाड्याने घ्यायची, विमा-दुरुस्ती त्यातच, अशीही पद्धत आहे. २०२० मध्ये टाटांनी नेक्सॉन इलेक्ट्रिक महिन्याला ४१,९०० पासून भाड्याने द्यायला काढली होती. छत्तीस महिन्यांनी गुणा, पंधरा लाखांच्या वर होतात. तेव्हा गाडीची शोरूम किंमतच चौदा ते सोळा लाख होती. तीन वर्षांनी गाडी परत. मग हे घेतं कोण? मोठा पगारदार, ज्याची कंपनी भाडं पगारातून वळवते आणि त्याचा इन्कम टॅक्स वाचतो. धाटावच्या पोरांनी आपल्या कंपनीत विचारून बघावं. आपल्याला मात्र शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्सच नाही, तर वाचणार काय? पगारदाराला फायदा झाला म्हणून शेतकऱ्याला होईल असं नाही.

आता बोलणी कशी करायची ते सांगतो.

पहिलं, किमान किलोमीटर महिन्यावर बांधू नका, वर्षावर बांधून मागा. आपली गाडी लावणीच्या दिवसांत दारात उभी असते आणि गणपतीत, लग्नसराईत पळते. वर्षाच्या हिशेबात ते सांभाळलं जातं. भाडं दुकानदार ठरवत नाही, मागे पैसे घालणारी फायनान्स कंपनी ठरवते. एका गाडीला अशा दोन-तीन कंपन्या असू शकतात आणि प्रत्येकीच्या अटी वेगळ्या असू शकतात. सगळ्यांचे कागद मागा.

दुसरं, भाड्याचा दर किती वर्षं तोच राहील, आणि जीएसटी धरून आहे की वर, हे लिहून घ्या.

तिसरं, सरकार देतं ते दुकानदाराच्या सुटीत मोजू नका. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ आहे, पेट्रोलच्या गाडीला एका बाजूचे २५० पडतात. छान आहे, पण ते सरकारचं. भाड्याने घ्या नाहीतर विकत, ते मिळतंच. दुकानदाराला विचारायचं, "तुझं काय?" त्याच्या हातात असतं ते म्हणजे विमा, ॲक्सेसरी, हॅण्डलिंगच्या नावाने लावलेली रक्कम, आणि घरी चार्जर बसवण्याचा खर्च. विमा बाहेरून काढायची मुभा असते. महिनाअखेर आणि डिसेंबर, म्हणजे वर्ष बदलायच्या आधी, त्याला गाडी काढायची घाई असते. तेव्हा जा.

चौथं, विमा. आपल्या खारेपाटात उधाण आणि पाऊस एकत्र आले की रस्ता दिसत नाही. कुंडलिका आणि अंबा चढल्या की काय होतं ते रोहा-नागोठण्याला सांगायला नको. बॅटरीत पाणी शिरलं तर भरपाई कोणाला, तुम्हाला की बॅटरीच्या मालकाला? आणि गाडी दुरुस्तीला पडली असताना भाडं चालूच राहणार का? हे तोंडी नको, कागदावर.

पाचवं, बॅटरी जाईल या भीतीपोटी भाडं पत्करू नका. पूर्ण विकत घेतली तर बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. भीती दाखवून कोणी भाडं गळ्यात मारत असेल तर वॉरंटीचा कागद पुढे करा.

आणि चार्जिंग घरच्या मीटरवर, अर्थिंग नीट करून. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावायची नाही, ती पंपासाठी आहे.

कोणी म्हणेल, एवढं विचारलं तर दुकानदार हसेल. हसू दे. २००८ साली पेणच्या गावांनी सेझबद्दल जनमत दिलं, तेव्हा कागद वाचल्याशिवाय जमीन द्यायची नाही हे आपणच जगाला दाखवलं. जमिनीचा कागद चार जणांत वाचायचा आणि त्याच जमिनीच्या पैशाचा कागद एसीत बसून पाच मिनिटांत सही करायचा, हे मला पटत नाही. जमीन एकदाच विकली जाते. तिचे पैसे महिन्या-महिन्याने कसे जातात ते मात्र कळतही नाही.

म्हणून सही करायच्या आधी कागद घरी आणा. दुकानदार घरी नेऊ देत नसेल तर ते दुकान सोडा. रात्री जेवण झाल्यावर घरातल्या शिकलेल्या पोरीला मोठ्याने वाचायला सांगा, आणि किमान किती, शेवटी कोणाची, सोडायची तर किती, या तीन ओळी सापडेपर्यंत उठू नका. सापडल्या आणि पटल्या, तर खुशाल गाडी घ्या आणि पेढे घेऊन या.